हाकाऱ्यांची जागा : वसाहतकालीन शिकारचित्रे आणि आपली समीक्षा

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका संस्थेने खानदेशच्या वनवैभवाची म्हणून एक दिनदर्शिका काढली. बारा पाने आणि प्रत्येक पानावर वसाहतकाळातील एक रंगीत शिकारचित्र. जानेवारीच्या पानावर पुरुषभर उंचीच्या गवतातून निघालेली हत्तींची रांग, हौद्यात बंदूक रोखून बसलेला साहेब, हत्तीच्या गंडस्थळाकडे झेपावणारा वाघ, आणि खाली ओळ : ‘सातपुड्यातील वाघाची शिकार, इ. स. १८२८’. ही दिनदर्शिका मी स्वतः विभागातल्या भिंतीवर लावली आणि जवळजवळ वर्षभर ती तिथे होती, हे आधीच कबूल करतो. या लेखात ज्या आंधळेपणाविषयी लिहायचे आहे त्याचा पहिला मासला मीच आहे.

चूक लक्षात आणून दिली ती एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने. शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरून येणारा हा मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. एके दिवशी चित्रापाशी उभा राहून म्हणाला, “सर, हे गवत आपल्याकडचं नाही.” आणि थोडे थांबून, “हाका घालणारे कुठं आहेत? हत्तीच्या पायाशी चालणारी ही माणसं हाका घालणारी नव्हेत. हाका घालणारा वाघाच्या मागून येतो, बंदुकीच्या मागून नाही.”

शोध घेतल्यावर उलगडा व्हायला वेळ लागला नाही. कॅप्टन टॉमस विल्यमसन याने बंगालमधील दीर्घ नोकरीनंतर ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ हा ग्रंथ सिद्ध केला. एडवर्ड ऑर्म या प्रकाशकाने तो १८०५ ते १८०७ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध केला. विल्यमसनच्या रेखाटनांवरून चित्रे रंगवली सॅम्युएल हॉविट या इंग्रज चित्रकाराने, आणि त्यांवरून ॲक्वाटिंट पद्धतीची, वर रंग भरलेली चाळीस मुद्रिते निघाली. दिनदर्शिकेवरचे जानेवारीचे चित्र त्या चाळीसांतले. म्हणजे गवत बंगालचे, कुंचला लंडनचा, वर्ष कुणाच्या तरी मनातले आणि सातपुडा फक्त त्या ओळीत.

अशा चुका होतात. त्या दुरुस्तही करता येतात. माझा मुद्दा निराळा आहे. वर्षभरात ती दिनदर्शिका प्राध्यापकांनी पाहिली, स्थानिक इतिहासाच्या जाणकारांनी पाहिली, दोन पीएच. डी. मार्गदर्शकांनी पाहिली. कुणालाही ती खटकली नाही, कारण शिकारीचे चित्र असेच असते हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. ‘असेच असते’ या तीन अक्षरांच्या आणि तीन अक्षरांच्या जोडीत जी संकेतव्यवस्था दडली आहे तिचे वाचन करणे हे समीक्षेचे काम नसेल, तर समीक्षेचे काम कोणते?

विद्यार्थ्याच्या प्रश्नात शिकारतंत्राचा एक भेद आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. गंगेच्या खोऱ्यातील उंच गवताळ प्रदेशात रान उठवण्याचे काम बहुतांशी हत्तीच करतात. हत्तींची रांग पुढे सरकत जाते आणि वाघ तिच्यापुढे निघतो. खानदेशात परिस्थिती वेगळी. येथे कोरडे नाले, निवडुंगाची बेटे, करवंदीच्या जाळ्या, सातपुड्याचे आणि सातमाळ्याचे उतार. हत्ती मिळाला तर साहेबाला बसायला. पण माग काढणे, वाघ कोणत्या जाळीत दुपारी निजतो हे हेरणे, नाल्याची तोंडे रोखणे, ढोल आणि आरोळ्यांनी तीन बाजूंनी हाका घालून त्याला चौथ्या बाजूला काढणे, हे सगळे माणसांनी, मुख्यतः भिल्लांनी, पायी करायचे. म्हणून हॉविटचे चित्र बंगालपुरते निदान तंत्रदृष्ट्या खरे असू शकते. तेच चित्र सातपुड्यावर डकवले की मात्र येथल्या शिकारीतले सगळे श्रम आणि सगळे ज्ञान एका फटक्यात पुसले जाते. हत्तीने माणसाची जागा घेतलेली असते, आणि पाहणाऱ्याला काही उणे वाटत नाही.

या निरीक्षणातून त्या विद्यार्थ्याचा पीएच. डी.चा आराखडा उभा राहिला : वसाहतकालीन शिकारचित्रांची रचना, मराठी शिकारगद्याचे निवेदनतंत्र आणि भिल्ल-पावरा बोलींतील रानाची व शिकारीची शब्दसंपदा यांचा परस्परसंबंध. ज्या समितीपुढे तो गेला तिने दोन ओळींत परत पाठवला. चित्रकला आणि मानववंशशास्त्र हे विषय मराठी साहित्याच्या कक्षेत येत नाहीत, असा शेरा. समितीचे नाव सांगण्यात मला रस नाही. तो शेरा कोणत्याही विद्यापीठाच्या कोणत्याही समितीने दिला असता, हीच खरी अडचण आहे.

‘कक्षा’ या शब्दाला वाङ्मयीन प्रत्युत्तर देण्याआधी जलरंग या माध्यमाविषयी थोडे. जलरंग म्हणजे हळवे, नाजूक, छांदिष्ट माध्यम अशी आपली समजूत आहे. साहेब मंडळी संध्याकाळी तंबूबाहेर बसून मन रमवीत असत, असे चित्र आपण रंगवतो. वास्तविक हे माध्यम लष्करी शिक्षणाचा भाग होते. वुलिच येथील रॉयल मिलिटरी अकॅडमीत पॉल सँडबी हा जलरंगातील नामांकित चित्रकार १७६८ पासून जवळजवळ तीन दशके चित्रकलेचा मुख्य शिक्षक होता. कंपनीने १८०९ मध्ये ॲडिसकोम येथे स्वतःची लष्करी शाळा काढली, तिथेही भूचित्रण शिकवले जाई. मुलखाचा चढउतार, पाण्याच्या जागा, दूरच्या टेकडीची रेघ कागदावर चटकन उतरवता यावी, हा हेतू. विल्यम रीव्हज याने रंगाच्या वड्या बनवल्या आणि १७८१ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यासाठी रीव्हज बंधूंना रौप्य पारितोषिक दिले. तेव्हापासून रंगपेटी खोगिराच्या पिशवीत मावू लागली, आणि पाणी कुठल्याही नाल्यावर मिळे. टेहळणी आणि रंजन यांचे साधन एकच होते. तेव्हा ज्या नजरेने मुलूख मोजला तीच नजर रान रंगवत होती, असे म्हणताना मी कोणतेही रूपक वापरीत नाही.

या नजरेची रचना ठरलेली आहे. मागे निळसर होत गेलेले डोंगर, मधल्या पट्ट्यात प्रकाश, तेथे जनावर आणि बंदूक. पुढच्या कडेला सावलीत काही देशी माणसे, ज्यांना चेहरा देण्याइतके कष्ट कुंचला सहसा घेत नाही. अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. हॉविटच्याच मालिकेत कुत्री घेऊन निघालेल्या डोरियांचे, म्हणजे श्वानपालकांचे, एक मुद्रित आहे. तेथे ती माणसे चित्राचा विषय आहेत. पण शिकार अजून सुरू व्हायची आहे. बंदूक उचलली गेली की देशी माणूस कडेला सरकतो.

आता आपल्याकडील वाचनांकडे वळू. या चित्रांविषयी मराठीत जे थोडे लिहिले-बोलले जाते त्याच्या तीन तऱ्हा मला दिसतात. पहिली दस्तऐवजी : ‘पाहा, आपल्याकडे किती वाघ होते, किती घनदाट रान होते.’ वनप्रेमी लेखक आणि स्थानिक अभिमानाचे लेखन करणारी मंडळी या तऱ्हेने वाचतात, आणि दिनदर्शिका छापणाऱ्यांचा हेतूही हाच होता. हेतू निर्मळ आहे. पण वाघ मरताना काढलेल्या चित्राला वाघांच्या विपुलतेचा पुरावा म्हणणे म्हणजे प्रेतयात्रेच्या छायाचित्रावरून गावाची लोकसंख्या काढण्यासारखे आहे. दुसरी तऱ्हा सौंदर्यवादी. मर्ढेकरांनंतर आपल्याकडे लय, संतुलन, विरोध यांची एक परिभाषा घडली. ती कवितेसाठी कितपत उपयोगी पडली हा वेगळा वाद आहे, पण चित्राबद्दल बोलताना आपण ती सरसकट वापरतो. वाघाच्या झेपेचा तिरपा जोर आणि हत्तीच्या देहाचा भार यांतला तोल पाहून आपण प्रसन्न होतो. ज्यांच्या श्रमावर तो तोल उभा आहे ती माणसे ‘पार्श्वभूमी’ होतात. दोन्ही तऱ्हा चौकट जशीच्या तशी मान्य करतात, म्हणून त्यांना मी एकाच पंक्तीत बसवतो.

तिसऱ्या तऱ्हेशी माझे भांडण अधिक आहे, कारण ती माझी स्वतःची तऱ्हा होती. एडवर्ड सईद यांचे ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ चे. पुढच्या दीड-दोन दशकांत ते आपल्या चर्चासत्रांत पोहोचले आणि मग प्रत्येक संहितेत वसाहतवादी नजर सापडू लागली. शिकार म्हणजे साम्राज्याचे रूपक, वाघ म्हणजे अंकित करावयाचा हिंदुस्थान, हौदा म्हणजे सत्तास्थान. हे खोटे नाही. जॉन मॅकेन्झी यांनी १९८८ मध्ये ‘द एम्पायर ऑफ नेचर’ या ग्रंथात शिकार आणि साम्राज्य यांच्या नात्याची सविस्तर मांडणी केली आहे. परंतु आपल्या हातात ही मांडणी एक गणित होऊन बसली. आणि गणित सोडवून झाल्यावर पाहावे तर चित्राच्या मध्यभागी कोण? पुन्हा साहेबच. आधी तो नायक होता, आता खलनायक. हाकारा जिथे होता तिथेच, कडेला, सावलीत. फक्त आता तो ‘अंकित’ या नव्या विशेषणासह उभा आहे. साहेबाचा धिक्कार करणारी समीक्षा साहेबाची रचना कशी टिकवून धरते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

खानदेशात या प्रश्नाला जेम्स आउट्रममुळे विशेष धार आहे. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. डोंगराळ मुलखातील भिल्लांशी सात वर्षे झटापटी चालल्यानंतर १८२५ मध्ये भिल्ल पलटणीची उभारणी धरणगावी आउट्रमकडे सोपवली गेली. तो तेव्हा बावीस वर्षांचा. भिल्लांच्या सोबतीने वाघाची शिकार करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला, ही कथा त्याच्या चरित्रात आहे, गॅझेटियरच्या परंपरेत आहे आणि आपल्या स्थानिक इतिहासलेखनातही जवळजवळ त्याच शब्दांत आहे. या कथेबरोबर एक यादी येते. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत आउट्रम आणि त्याचे सहकारी यांनी २३५ वाघ मारले. त्यांपैकी १९१ वाघ, १५ बिबटे, २५ अस्वले आणि १२ रानरेडे यांच्या मृत्यूच्या वेळी आउट्रम स्वतः हजर होता.

ही यादी मी अनेकदा वाचली होती. त्या आराखड्याच्या निमित्ताने ती प्रथमच संहिता म्हणून वाचली, आणि ‘हजर होता’ या क्रियापदावर अडखळलो. ‘मारले’ नव्हे, ‘हजर होता’. इंग्रजी शिकारशिष्टाचारात या शब्दयोजनेला काही अर्थ असेल. पण तिच्या व्याकरणात एक फट आहे. वाघाच्या मृत्यूच्या जागी आणखी कोण कोण हजर होते? जे आधी पोहोचले, ज्यांनी माग काढला, ज्यांनी जाळी वेढली, त्यांची हजेरी कुठे लागली? यादीतील ४४ चा फरकही तसाच वाचावा : आउट्रम नसताना जे वाघ मारले गेले तेही मोजले गेले, कारण तेव्हाही कुणी साहेब हजर होता. वाघ मोजणीत येण्यासाठी तो मरणे पुरेसे नाही. गोऱ्या माणसादेखत मरणे आवश्यक आहे. हे हॉविटच्या चित्राचेच नियम आहेत, फक्त रंगांऐवजी आकडे. यादी आणि चित्र यांच्यातील हे साम्य ‘चित्रकला’ या सदरात मोडते की ‘निवेदनशास्त्र’ या, हे समितीने सांगावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ओसाड पडलेल्या खानदेशात वाघ हे संकट होते. गुरे जात, माणसे जात. शेतकऱ्याला वाघ मारणारा हवाच होता, मग तो गोरा असो की काळा. भिल्लही काही गोणीत बांधून शिकारीला नेले जात नव्हते. त्यांना पलटणीतला पगार हवा होता, मानही हवा होता, आणि शिकारीत त्यांना स्वतःचा आनंद होता. हे सर्व मला मान्य आहे. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, बळ देतो. हाकारा जर स्वतःच्या कारणाने, स्वतःच्या कौशल्याने आणि स्वतःच्या आनंदाने तिथे होता, तर त्याला चित्रातील नुसती गर्दी म्हणून सोडून देण्याचे, अथवा नुसता बळी म्हणून कळवळण्याचे, कारण काय? सातपुड्यातील आदिवासी वाघदेव पुजतात. ज्याला भ्यायचे, ज्याच्या मागावर जायचे आणि ज्याला नारळ द्यायचा तो एकच प्राणी, असा हा अनुभव; तो ना साहेबाच्या जलरंगात मावतो, ना आपल्या गणितात. अजय स्कारिया यांचा डांगांवरील ‘हायब्रिड हिस्टरीज’ आणि सुमित गुहा यांचा ‘एन्व्हायर्नमेंट अँड एथ्निसिटी इन इंडिया’ हे दोन्ही ग्रंथ १९९९ चे. इतिहासकारांनी हा अवघड अनुभव हाताळायला पाव शतकापूर्वीच सुरुवात केली. मराठी समीक्षेने त्यांची पुरेशी दखल घेतली आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

अजिंठ्याची कथा आपण कशी सांगतो ते पाहा. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा घोडदळातील अधिकारी वाघाच्या मागावर असताना त्याला लेणी ‘सापडली’. दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. या कथेतील वाघाला साहेबाला दरीपर्यंत आणण्यापलीकडे काही काम नाही, आणि वाट दाखवणारा म्हणून ज्या गुराखी पोराचा उल्लेख होतो त्याला नाव नाही. संपूर्ण कथा एका शिकारचित्राच्या रचनेत बसवलेली आहे : मध्ये साहेब, समोर घळ, कडेला बोट दाखवणारे पोर. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ती तशीच घेतली. पुढे १८४४ मध्ये रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आला. त्याच्या तैलरंगातील बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर आमच्या भुसावळात आहे. गिल हा पट्टीचा शिकारी होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघालेल्या त्याच्या छायाचित्रसंग्रहाच्या नावातच पश्चिम भारतातील वास्तुशिल्प आणि निसर्गेतिहास ही दोन नावे शेजारी बसली आहेत. लेणे आणि जनावर एकाच काचेतून पाहणारा हा माणूस वाङ्मयीन अभ्यासाचा विषय व्हायला हवा होता. आपण त्याच्यातून काय घेतले? पारो. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेने या प्रेमकथेला मराठीत कायमचे स्थान दिले आणि २०१२ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. महानोर त्या परिसराचेच. रान त्यांनी जसे कवितेत आणले तसे फार थोड्यांना जमले, याविषयी दुमत नाही. तरीही गिलभोवती दाटलेल्या आपल्या एकूण रसिकतेबद्दल मला विचारायचे आहे : पारोसाठी गहिवरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी गिलच्या शिकारी गिलच्याच चित्रांशेजारी ठेवून पाहिल्या?

ही रचना अपरिहार्य होती असेही नाही. तिच्या आधी कागदावरच्या रंगचित्रांत दुसरी उदाहरणे होती. सतराव्या-अठराव्या शतकांतील मोगल आणि अवधी चित्रकारांनी भिल्ल जोडप्याच्या रात्रीच्या शिकारीचा एक आवडता विषय पुन्हा पुन्हा रंगवला आहे : बाई दिवा धरून उभी, घंटेच्या नादाने आणि उजेडाने भुललेली हरणे, आणि पुरुषाच्या हातात ताणलेले धनुष्य. ही चित्रे दरबारासाठी केलेली आहेत, त्यांत पानांची वस्त्रे वगैरे कल्पनारंजन भरपूर आहे. भिल्लाचे वास्तव त्यांत शोधणे भाबडेपणाचे ठरेल. पण एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. भिल्ल तेथे मध्यभागी आहे, कौशल्य त्याचे आहे, आणि त्याची बायको त्या कौशल्यात भागीदार आहे. हॉविटच्या चित्रांत बाई नाहीच.

दुसरे उदाहरण घरचे. पुण्याचा गंगाराम तांबट. चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलासाठी त्याने १७९० च्या सुमारास पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रंगवला; त्याची चित्रे आज अमेरिकेत येल येथील ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहेत. सवाई माधवरावांच्या या प्राणिसंग्रहाला ‘शिकारखाना’ म्हणत, ही मराठीची गंमत. जिवंत जनावरांच्या घराला मारण्याचे नाव. तांबटाने मात्र तेथे कुणी शिकारी काढला नाही. जनावर पाहिले आणि काढले. तोही पगारी होता, गोऱ्या धन्यासाठी काम करीत होता. तेव्हा त्याला ‘देशी दृष्टी’चा झेंडा करण्याचा मोह देशीवाद्यांनी आवरावा. इतकेच म्हणायचे की, मराठी हाताने प्राण्याकडे बंदुकीविना पाहिल्याचा पुरावा आउट्रम धरणगावी येण्याच्या पस्तीस वर्षे आधीचा आहे, आणि आपल्या वाङ्मयीन संस्कृतीच्या इतिहासात त्याला एक परिच्छेदही नाही.

आता ‘कक्षे’कडे. चित्र मराठीच्या कक्षेत येत नसेल, पण शब्द तर येतो? कर्नल विल्यम सायक्स याने दख्खनच्या प्राण्यांची जंत्री १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. तीत रानकुत्र्याला त्याने दख्खनवरून लॅटिन नाव दिले आणि सोबत नोंदवले ‘कोळसून’, मराठ्यांचा शब्द म्हणून. माशांच्या बाबतीत तर तो आणखी पुढे गेला : १८३९ च्या त्याच्या नावांपैकी ‘सीनघाला’, ‘फुलुंगी’, ‘बोगट’ ही आजही शास्त्रीय नावांत टिकून आहेत. उच्चार साहेबी, पण शब्द नदीकाठचे. ज्या भोयाने जाळ्यातला मासा हातात धरून ‘शिंगाळा’ म्हटले, त्याचा शब्द लॅटिन होऊन जगभर गेला. माणूस काठावर राहिला. वसाहतकालीन ज्ञानात देशी माणूस शब्दाच्या रूपाने शिरलेला आहे. त्याला चित्रातून कडेला सारता येते. भाषेतून काढता येत नाही. म्हणूनच हा अभ्यास भाषेच्या विभागात झाला पाहिजे. प्राणिशास्त्राच्या विभागाला ‘शिंगाळा’ या शब्दात फक्त मासा दिसतो.

आणि मराठी शिकारगद्य? त्याचे निवेदन ज्याने थोडे बारकाईने वाचले असेल त्याला एक व्याकरणिक वैशिष्ट्य जाणवले असेल. शिकारी नेहमी एकवचनी असतो, बहुधा ‘मी’. हाकारे नेहमी अनेकवचनी. ‘हाकाऱ्यांनी रान उठवले’, ‘हाका जवळ आला’, आणि दुसऱ्याच वाक्यात पुन्हा ‘मी’, माझा श्वास, माझा घोडा, माझा नेम. उठलेल्या रानातून कुणी एक माणूस चालत होता, त्याच्या हातात काठीखेरीज काही नव्हते आणि जखमी जनावर उलटले तर पहिले त्याच्याकडे येणार होते, हे वाक्याच्या रचनेतच नाहीसे होते. जलरंगातील कडेची सावली मराठीत अनेकवचन होऊन आली. पुढे आपल्या चांगल्या लेखकांनी बंदूक खाली ठेवली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) शिकारी नाही, माणूसच जवळजवळ नाही, वानरांच्या टोळ्यांचे जग स्वतःच्या नियमांनी चालते. ही मोठी झेप होती. पण शिकाऱ्याबरोबर हाकाराही गेला, हे आपण ध्यानात घेतले नाही. मारुती चितमपल्लींनी आदिवासींकडून पाखरांची, झाडांची, जनावरांची नावे आयुष्यभर गोळा केली आणि कोशांत ठेवली. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आपण त्यांना अरण्यऋषी म्हणून निरोप दिला. ऋषी म्हटले की पुढचे विचारावे लागत नाही : ते शब्द कुणाचे, आणि त्या शब्दांचे मालक आपल्या विभागात विद्यार्थी म्हणून आले तर त्यांना कोणत्या समितीपुढे उभे राहावे लागते?

चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १९८६ मध्ये घोषित झालेल्या तेथील अभयारण्याचे अधिकृत नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९१ वाघांच्या मृत्यूला हजर असलेल्या माणसाचे नाव वन्यजीवांच्या आश्रयाला आहे, आणि त्या नावाचा उच्चार आपण इतका घरगुती करून टाकला आहे की त्यात कुणी इंग्रज आहे हेही रोजच्या प्रवाशाला जाणवत नाही. नाव बदलावे अशी मागणी करणाऱ्यांतला मी नाही. नावे बदलली की वाचायचे पुरावे कमी होतात. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ तेथे दिसला, स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला. ते छायाचित्र मी वर्गात दाखवले. रात्र, पाऊलवाट, वाघ. कुणीही हजर नाही. त्या विद्यार्थ्याने विचारले, “कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे कुणी सांगितलं असेल?”

आराखडा पुढच्या बैठकीत पुन्हा जाणार आहे. चित्रांचे प्रकरण गाळून टाकावे, म्हणजे मान्यता मिळेल, असा सल्ला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आपुलकीने दिला. ते प्रकरण आता पहिले केले आहे. दिनदर्शिकेचे जानेवारीचे पान परिशिष्टात, खालच्या ओळीसकट.